ही पडणार कधी?

दुपारी जेवून आडवा झालो तर फोनने आपणहून जुने फोटो काढून दाखवले, त्यात बुरदाह आला. जॉर्डनच्या वादी रमच्या वाळवंटातली दगडी कमान, डोंगरात अधांतरी आडवी गेलेली, आणि तिच्यावर आमचा अख्खा ग्रुप हात वर करून उभा. मी त्या फोटोत नाहीये. मी अशा ठिकाणी वर जात नाही, बाजूला बसतो आणि ही पडणार कधी याचा विचार करत राहतो.

ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यातली सी-वन म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करायची इमारत, हे आमच्या नौपाड्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक. त्यामुळे जीपमधून उतरून चढायला लागलो तेव्हापासून माझी नजर भेगांवर. तळाशी ग्रॅनाइट, वर लालसर वालुकाश्म, हात टेकला की तळव्याला कण चिकटून येतात, म्हणजे डोंगर आपल्यादेखत सुटतोय! शेवटच्या उभ्या टप्प्यावर बेदुइन गाइडने दोर लावला, वर पोचल्यावर मी कमानीकडे बोट दाखवून विचारलं, मजबूत आहे ना, तर तो हसला आणि म्हणाला खाली गेल्यावर चहा पाजतो. पाजला पण, सेजची पानं घातलेला, साखरेचा नुसता पाक.

मामाचंही तेच. कसारा लोकल पकडून आम्ही रतनगडला जायचो, नेढ्यात, म्हणजे डोंगराला आरपार पडलेल्या भोकात, पोचलो की तो टोपी तोंडावर घेऊन खुशाल झोपायचा. नेढ्यातून आरपार वारा असा की दडपे पोह्यांवरचं खोबरं उडून जायचं, डबा पोटाशी धरून पाठ वाऱ्याकडे करून खायला लागायचं, आणि मी डोक्यावरच्या एका भेगेवर डोळा ठेवून तसाच खायचो. मामा टोपीखालून बोलायचा, "अरे सह्याद्री आहे हा, तुझ्या नातवापर्यंत टिकेल." नातवापर्यंतच? मला तेवढंच ऐकू यायचं.

मोठेपणी कारण वाचलं. वालुकाश्माच्या ज्या भागावर भार असतो तिथले कण दाबाने एकमेकांत घट्ट अडकतात, त्यामुळे तो भाग हळू झिजतो, आणि ज्याच्यावर भारच नाही तो आधी गळून जातो. म्हणजे कमान उभी राहते ती स्वतःच्याच ओझ्याने. वाचून बरं वाटलं, पण फोटोसाठी वर जाऊन उभा राहीन इतकं काही नाही. कारण पडतात हो त्या. अमेरिकेत युटाला आर्चेस नॅशनल पार्क आहे, 2000 च्या वर कमानी, त्यातली वॉल आर्च 2008 च्या ऑगस्टमध्ये रात्रीतून कोसळली. वीसेक मीटरचा गाळा, तोही भर ट्रेलच्या वाटेवर, दिवसा लोक खालून ये-जा करायचे. रात्र होती म्हणून कोणाला काही झालं नाही.

ठाण्यातल्याच शिळफाट्याची बिल्डिंग 4 एप्रिल 2013 ला संध्याकाळी पडली. वर मजले चढवायचं काम चालूच होतं आणि खाली लोक राहायला आलेले. 74 माणसं गेली.

असो.