हेलसिंकीचे दहा गोल

कऱ्हाड, 15 जुलै

हेलसिंकी म्हटलं की आपल्या सातारा जिल्ह्यात एकच नाव निघतं, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. 23 जुलै 1952 चं ते कांस्यपदक इथल्या पोराटोरांना पाठ आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच्या आठ दिवस आधी, म्हणजे आजच्या तारखेला, युगोस्लाव्हियानं भारताच्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या फुटबॉल संघावर दहा गोल चढवले. त्यातले चार एकट्या झेबेकचे. आपला एकमेव गोल अहमद खानचा, तोही सामना संपत आल्यावर.

भारतीय संघाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण 1950 च्या विश्वचषकाला धरून बसतात. पात्रता गटातल्या इतर देशांनी माघार घेतली आणि भारताला ब्राझीलमधल्या त्या स्पर्धेत एकही सामना न खेळता जागा मिळाली. तिथं आपण गेलो नाही. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून गेलो नाही, ही गोष्ट अजून जिथं तिथं सांगितली जाते आणि ती खरी नाही. प्रवास लांबचा होता, सरावाला वेळ कमी होता, खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार असूनही भारतीय फुटबॉल महासंघाचं मन होईना. त्या काळी महासंघाला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. मला विचाराल तर या न झालेल्या स्पर्धेपेक्षा त्या दहा गोलांनी संघाचं जास्त भलं केलं.

कारण त्याआधीचे निकाल फसवे होते. लंडन ऑलिंपिकमध्ये 31 जुलै 1948 ला शहराजवळच्या इलफर्डला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेले. आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या, रामननं 70 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि अगदी शेवटी फ्रान्सनं 2-1 केलं. इतक्या थोडक्यात हरलेल्या संघाच्या पायांकडे कोण बोट दाखवणार? 1951 ला दिल्लीत आशियाई खेळांचं सुवर्णपदकही मिळालं. इराणविरुद्ध 1-0, गोल मेवालालचा. बुटांचा विषय मागे पडला.

खाशाबा त्याच लंडनला गेले होते. लाल मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरला आणि सहावा आला. माती पाय धरते, गादीवर तोल वेगळा सांभाळावा लागतो, हे त्यांनी ओळखलं आणि पुढची चार वर्षं तशी मेहनत केली. फुटबॉल संघानं ती चार वर्षं घालवली, याची हळहळ वाटते.

18 जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. अनवाणी खेळात नेमकं काय बिघडतं, ते आज मैदानावर कुणालाही दिसेल.

कोरड्या, टणक जमिनीवर अनवाणी पाय हे मोठं बळ आहे. चेंडू बोटांना कळतो, पहिला टच मऊ राहतो, वळणं झटपट घेता येतात. ओल्या गवतावर मात्र आधी घसरतो तो उभा पाय, म्हणजे ज्याच्यावर भार देऊन दुसऱ्या पायानं मारायचं तो. तो दोन बोटं जरी सरकला तरी अंग मागे झुकतं आणि चेंडू बारवरून जातो. त्यात त्या वेळचा चेंडू चामड्याचा. नियमातलं साडेचारशे ग्रॅमच्या आतलं वजन सामना सुरू होतानाचं. पाणी पिऊन तो जड व्हायचा आणि लांब पास निम्म्यावरच पडायचा. शिवाय समोरच्याच्या बुटाला खिळे. दोघांनाही सारखाच मिळू शकेल अशा चेंडूत अनवाणी पाय आपसूक आखडता घेतला जातो. धाडस कमी म्हणून नाही, अंगच तसं करतं.

हेलसिंकीनंतर महासंघानं बूट सक्तीचे केले. पण नुसते बूट घालून भागत नाही. अनवाणी वाढलेल्या पोराला बूट दिले की पहिला टच हातभर पुढं उडतो आणि टाचेला फोड येतात. म्हणून पहिला आठवडा वीसच मिनिटं, पाच-सात पावलांवरून पायाच्या आतल्या बाजूनं पास, बाकी काही नाही. अंगठ्यापुढं अर्धं बोट जागा असावी, त्याहून सैल बूट घेऊ नये. आपल्या काळ्या मातीत आखूड आणि दाट स्टडमध्ये, म्हणजे तळाच्या खिळ्यांत, चिखल भरून तळवा गुळगुळीत होतो; पावसाळ्यात लांब आणि विरळ स्टडच घ्यावेत. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, चुलीजवळ ठेवू नयेत. चामडं तडकतं.

23 जुलै

आज खाशाबांचा दिवस. इथं लिहायचं आहे ते सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल.

हैदराबादचे हे शिक्षक हेलसिंकीलाही भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. ते दहा गोल त्यांनी बाजूला बसून पाहिले. हैदराबादेत ते कमजोर पायाच्या स्पर्धा घेत: उजव्यानं खेळणाऱ्यानं फक्त डाव्यानंच खेळायचं. ड्रिबलिंगला मनाई असलेल्याही स्पर्धा होत, म्हणजे चेंडू आला की पास देणं भागच. हे आपल्याकडे कुठल्याही शाळेच्या मैदानात जमेल. पाच-पाच जण, दहा मिनिटं, चुकीचा पाय लागला की चेंडू समोरच्यांना. पहिले दोन दिवस पोरं वैतागतात, कारण भार कुठल्या पायावर टाकायचा तेच उलटं होतं. तिथं सोडून देऊ नये.

फळ चार वर्षांत दिसलं. 1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिंपिक: ऑस्ट्रेलियावर 4-2, नेव्हिल डिसोझाचे तीन गोल. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. या वेळी पहिला गोल आपला होता, डिसोझाचाच. शेवटी 4-1 नं हरलो आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडूनही हरलो. तरी 10-1 वरून इथवर आलेला संघ पाहिला की ऊर भरून येतो.

जकार्ताचे 1962 चे आशियाई खेळ तर रहीम यांच्या डोक्याची कमाल. गटात दक्षिण कोरियानं 2-0 हरवलेलं. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. टाके घातलेल्या त्या गड्याला रहीम यांनी पुढं सेंटर फॉरवर्डला उभं केलं. 4 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर तोच कोरिया, प्रेक्षक भारतावर खवळलेले. पी. के. बॅनर्जीचा 17 व्या मिनिटाला गोल, लगेच 20 व्याला जर्नैलचा. 2-1, सुवर्ण.

रहीम तेव्हा कर्करोगानं आजारी होते. 11 जून 1963 ला ते गेले. 1964 च्या आशिया चषकात संघ दुसरा आला, 1970 ला बँकॉकमध्ये जपानला 1-0 हरवून कांस्य मिळालं. आशियाई खेळांतलं ते भारतीय फुटबॉलचं शेवटचं पदक. देशव्यापी राष्ट्रीय लीग सुरू व्हायला त्यानंतर 1996 उजाडलं.