बटणांचा स्वेटर

पुण्याच्या थंडीत डोक्यातून घालायचा स्वेटर काही कामाचा नाही, हे माझं ठाम मत. सकाळी दूध आणायला निघालं की हुडहुडी भरते आणि अकराच्या उन्हात घाम फुटतो. मग काढताना चष्मा सांभाळा, अंबाडा सावरा, पदराची पिन बघा. कार्डिगनची, म्हणजे पुढून उघडणाऱ्या स्वेटरची, बटणं सोडली की झालं! साडीवर घालताना पदर आत की वरून, हा वाद मात्र आमच्या सोसायटीत अजून मिटलेला नाही. मी वरून घेते.

कार्डिगन हे नाव एका इंग्रज उमरावाचं, कार्डिगनचा सातवा अर्ल. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, बालाक्लावाला त्याच्या हाताखालचं घोडदळ थेट रशियन तोफांवर चालून गेलं आणि कापलं गेलं. तिथला सेनापती लॉर्ड रॅग्लन. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी येणारी रॅग्लन बाही त्याच्या नावाची. आणि आपल्या माकडटोपीला इंग्रज म्हणतात बालाक्लावा. एवढ्या रक्तपातातून आपल्या वाट्याला काय आलं, तर थंडीचे कपडे.

विणताना पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या गप्पा मारता मारता होतात. बटणपट्टीला मात्र मी टीव्हीसुद्धा बंद करते. कडेने प्रत्येक ओळीमागे एक टाका उचलला तर पट्टीला झालर येते. फार कमी उचलले तर पुढचा भाग वर ओढला जातो. सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो ना, म्हणून तीन टाके उचलायचे आणि चौथी ओळ सोडायची. काजासाठी दोन टाके बंद करायचे, परतीच्या ओळीत तिथेच दोन नवे घालायचे. बायकांच्या स्वेटरला काजं उजव्या पट्टीवर, पुरुषांच्या डाव्या. बटणं आधी आणून ठेवावीत. लोकर ताणते, त्यामुळे काज बटणाला जरा घट्टच हवं. आणि बटण लावताना आतून एक छोटं चपटं बटण ठेवून दोन्ही एकदम शिवावीत, म्हणजे ओढ लोकरीवर येत नाही.

सध्या सुयांवर जावईबापूंचा राखाडी स्वेटर आहे. त्यांना खिसे हवेत, मोबाइल ठेवायला. मोबाइलच्या वजनाने लोकरीचा खिसा लोंबतो, हे लेकीकडून दोनदा कळवून झालं. उपयोग शून्य. आता आतून कापडाचं अस्तर लावून देणार आहे.