रावेरची केळी, कॅन्टरबरीची झाडं आणि अडलेला सिग्नल

परदेशात सगळं इंटरनेट जमिनीखालच्या फायबरमधून येतं, असं गावाकडे बऱ्याच जणांना वाटतं. न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी भागात या आणि बघा. मैलोन्‌मैल सपाट कुरणं, दोन घरांच्या मध्ये शेकडो गायी, आणि कितीतरी घरांच्या छपरावर टेकडीवरच्या टॉवरकडे तोंड करून बसलेला छोटा अँटेना. घरापासून दूध काढायच्या शेडपर्यंत नेट न्यायचं तरी अँटेनाची जोडीच लावतात. या बिनतारी जोडणीला आम्ही लिंक म्हणतो. माझं पोट याच कामावर चालतं. (टीव्हीची छत्री मात्र इथे उत्तरेकडे बघते. आपल्याकडे दक्षिणेकडे बघायची सवय, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक छप्पर उलटंच वाटायचं.)

इथला खरा शत्रू म्हणजे झाडं. वायव्येकडून येणारा गरम, कोरडा वारा भयंकर असतो, म्हणून शेतांच्या कडेने पाइन आणि मॅक्रोकार्पाच्या उंच रांगा लावलेल्या असतात. लिंक बसवली तेव्हा ही झाडं दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेच्या खाली असतात. काही वर्षांत ती वर येतात आणि नेट हळूहळू मरतं. शेतकरी म्हणतो, मशीन जुनं झालं. मशीन ठणठणीत असतं.

म्हणून मी आधी हिशेब मांडतो. डीबी म्हणजे सिग्नल किती घटला-वाढला याचं माप, डीबीएम म्हणजे त्याच्या ताकदीचं. 5.8 गिगाहर्ट्झवर 1 किलोमीटर मोकळ्या हवेत साधारण 108 डीबी घट होते. रेडिओची, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या यंत्राची ताकद 20 डीबीएम धरा, दोन्ही अँटेनांमुळे वाढणारे 16-16 डीबी मिळून 32. वीस अधिक बत्तीस वजा एकशे आठ, म्हणजे उणे 56. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. तिकडे उणे 58 दिसलं तर काम चोख आहे. उणे 75 दिसलं, तर मधले एकोणीस-वीस डीबी कुणीतरी खाल्ले आहेत आणि तो चोर शोधायचा आहे. नवीन अँटेना घ्यायचा विचार त्यानंतरचा.

हाच हिशेब गेल्या हिवाळ्यात गावी कामी आला. रावेर तालुक्यात आमच्या वावरात माझ्या चुलतभावाने मोटारीच्या खोलीवर कॅमेरा लावलाय. केबलचोरीने तिकडे सगळेच वैतागलेत. घराच्या गच्चीवरून वावरापर्यंत जेमतेम किलोमीटरभर अंतर. मृगबागेची, म्हणजे मृगाच्या सुमाराला लावायच्या केळीची लागवड झाली तेव्हाच लिंक जोडली, उणे 58 मिळालं, सगळे खूश. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "दादा, सिग्नल दाखवून राह्यला, पण कॅमेरा अडकून अडकून चालतो भो. मोठा अँटेना घेऊ का?" आकडा विचारला तर उणे 79. एकवीस डीबी गेले, म्हणजे ताकदीचा शंभरावा हिस्साही पोचत नव्हता.

व्हिडिओ कॉल लावून त्याला मोबाइल अँटेनाच्या पाठीशी धरायला लावला. समोर हिरवंगार! केळीची पानं अँटेनाच्या उंचीला आली होती आणि वाऱ्यावर हलत होती, तसा आकडाही वरखाली होत होता. केळीच्या पानात पाणीच पाणी. 5 गिगाहर्ट्झच्या लहरीला ते अजिबात मानवत नाही.

"पण वरच्या फटीतून आपलं घर दिसतंय ना," तो म्हणाला. दिसून भागत नाही. दोन अँटेनांमधला लहरींचा मार्ग ढोलकीसारखा मधोमध फुगलेला असतो. 1 किलोमीटरला 5.8 वर त्याची त्रिज्या मध्यावर साडेतीन मीटर भरते आणि त्यातला निदान 60 टक्के भाग मोकळा लागतो. 2.4 वर गेलं तर त्रिज्या साडेपाच मीटरच्या वर जाते.

मग 20 फुटी जीआय पाइप भिंतीला क्लॅम्पने आवळला, तारेचे तणाव दिले आणि अँटेना वर चढवला. दिशा लावताना घाई नको. आकडा वाढला की तिथेच नट कसायचा नाही, कारण अँटेनाच्या बाजूलाही एक छोटं, फसवं शिखर असतं. दोन्हीकडे पुढे जाऊन बघायचं, सगळ्यात मोठं शिखर पकडायचं. आधी आडवं, मग उभं, आणि एका वेळी एकच टोक हलवायचं. उणे 60 आलं.

एप्रिल-मेच्या उन्हात वेगळंच दुखणं निघालं. भर दुपारी रेडिओ आपोआप बंद-चालू. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला पीओई अडॅप्टर (नेटच्याच केबलमधून रेडिओला वीज देणारा) तापत होताच, पण मुख्य दोष केबलचा. दुकानदाराने दिलेली स्वस्त केबल आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा नुसता मुलामा. अशी केबल लांब ओढली की 24 व्होल्टातले बरेच वाटेतच जातात. त्यात मध्ये पिळा मारून चिकटपट्टीचा जोड. अख्ख्या तांब्याची, बाहेरच्या उन्हासाठीची काळी केबल सलग टाकली, खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जाईल, आणि अडॅप्टर सावलीत नेला. बंद पडणं थांबलं.

सेटिंगमध्ये देश 'भारत'च ठेवा. 2018 पासून आपल्याकडे 5 गिगाहर्ट्झचे बरेच पट्टे विनापरवाना खुले आहेत. जास्त ताकदीच्या लोभाने दुसरा देश निवडायची गरज नाही. काही चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. त्यांवर रडारची चाहूल लागली की रेडिओ चॅनेल सोडतो आणि नव्यावर जाण्याआधी मिनिटभर कान देऊन बसतो. मधूनच लिंक मिनिटभर गप्प होत असेल तर आधी चॅनेल बघा, मग पाइपावर चढा.

आता राहिलंय अर्थिंग. मोकळ्या वावरात उभा लोखंडी पाइप, वर मृगाच्या विजा. मी मागे लागलोय, तो म्हणतो, "माल कापून झाला की बघू." केळीचा भाव उतरलाय म्हणून व्यापारी येईना, आणि व्यापारी येईना म्हणून आमचं अर्थिंग होईना.