सहज भरायला आलेले गुरुजी

2024 च्या जुलैची 30 तारीख, सोलापुरात लकी चौकाजवळ माझं टॅक्स रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस, उद्या शेवटची तारीख म्हणून दारापर्यंत चपला साचलेल्या, आणि त्यात मोहोळकडचे एक झेडपीचे गुरुजी फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेऊन आले, सोबत कॉलेजातला पोरगा. "साहेब, आपलं दरसालचं सहज टाका, साडेसातची एस्टी हाय." आयटीआर-1, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नचा साधा फॉर्म, त्याचं नावच सहज ठेवलंय, मग सगळ्यांना तेच पाहिजे असतं (निम्मा घोळ या नावानंच केलाय असं माझं मत).

सवयीनं विचारलं, शेती? तर दोन एकर ऊस, कारखान्याचं बिल खात्यावर आलेलं. शेतीवर टॅक्स नाही हो, पण उत्पन्न 5000 च्या वर गेलं की सहज चालत नाही, आयटीआर-2 लागतो. आजवर कुणी विचारलंच न्हाई म्हणाले. मग एआयएस, म्हणजे टॅक्स खात्याकडं असलेली वर्षभराच्या व्यवहारांची यादी, उघडलं, तर त्यात शेअर विकल्याच्या एंट्र्या. "शेअर? आमच्या घरात कोण करत न्हाई तसलं." पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला.

पोराला म्हटलं शेअरच्या ॲपमधनं टॅक्सचा पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशोब, काढ बाबा, नुसते घेऊन ठेवलेले शेअर विकले असतील तर आयटीआर-2 मध्येच भागेल. काढला. खाली ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे. तोटा 1,14,300. एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) म्हणजे कायद्यानं धंदा, म्हणजे आयटीआर-3. अर्ध्या तासात गुरुजींचा फॉर्म एकवरनं तीनवर गेला.

"मग पगारातनं वजा करा की." तेही होत नाही, धंद्यातला तोटा पगारातनं वजा होत नाही, उद्यापर्यंत रिटर्न गेलं तर पुढची 8 वर्षं धंद्याच्याच नफ्यातनं वजा करता येतो. त्यात घराचं कर्ज असल्यानं त्यांना जुनी करपद्धत पाहिजे होती, आणि धंदा आला की तिच्यासाठी आधी 10-आयईए फॉर्म वेगळा भरावा लागतो. तो भरला. एस्टी कधीच गेली होती.

"आठ वर्षांत निघंल की पप्पा," पोरगं पुटपुटलं. गुरुजी गप्प.

रात्री नऊला आधारचा ओटीपी आला तसा पोरानं मोबाइलसाठी हात पुढं केला. गुरुजींनी दिला नाही, चष्मा कपाळावर सरकवून एकेक आकडा मला वाचून दाखवला, आणि मग त्याच्याकडं वळून विचारलं, "खातं उघडताना बी आला असंल की ओटीपी, तवा कुणी वाचला?"