चाकूने ओरखडलं आणि कळलं

आज दिवसभर जुन्या ड्रिलिंगचे कोअर बॉक्स (होलमधून काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या पेट्या) उघडत बसलो, पाठ गेली कामातून पण मजा आली. जुन्या लोकांनी वरती मॅलकाइटचे, म्हणजे तांब्याच्या खनिजाचे, हिरवे डाग बघितले, मग आयपी सर्वे (जमिनीत वीज सोडून गंधकयुक्त खनिजं शोधायची पद्धत) केला, जिथे सगळ्यात जास्त रिस्पॉन्स तिथेच होल मारले आणि निघालं काय तर नुसतं पायराइट, लोखंड-गंधकाचं खनिज. तांबं नाही म्हणून प्रॉस्पेक्ट बंद! अरे पण पॉर्फिरीमध्ये (या प्रकारच्या तांब्याच्या साठ्यात) पायराइटचं कवच बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असतं, तांबं-सोनं आतल्या गाभ्याकडे, आणि आयपीला दोन्ही सारखेच.

शेवटच्या बॉक्समधला तुकडा ओला करून लेन्सखाली धरला, गुलाबी फेल्डस्पार, लोहचुंबक टचकन चिकटला म्हणजे मॅग्नेटाइट, आणि क्वार्ट्झच्या बारीक शिरेत एक गडद पितळी कण. चाकूने ओरखडा उठला. पायराइट असतं तर उठला नसता. चाल्कोपायराइट, तांब्याचं खनिज!! आणि होल नेमका तिथेच थांबवलाय.

ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅमला १९७५ मध्ये पहिल्याच होलमध्ये तांबं लागलं होतं तरी खरा घसघशीत पट्टा दहाव्या होलमध्ये सापडला. इथे तिसऱ्यालाच हात टेकले राव. उद्या सॅम्पल कटिंगला, सोन्याचं तर लॅबचा ॲसे रिपोर्ट (धातू किती आहे त्याची तपासणी) आल्याशिवाय बोलणारच नाही.