हत्ती, घोडा आणि राणी

मुंबई बघायला आलेल्या माणसाला आपण हौसेने अशा जागी नेतो, जिथे नावातली वस्तू जागेवर नसते. चर्चगेटला गेट नाही. फोर्टात किल्ला नाही. काळा घोड्याला तर पन्नासेक वर्षं घोडाच नव्हता. त्या काळात साताऱ्याहून माझी आत्या आली होती. तिला घेऊन मी त्या चौकात उभी राहिले, तर तिने पार्क केलेल्या गाड्यांवरून नजर फिरवत विचारलं, "अगं, घोडा कुठाय?"

"भायखळ्याला गेलाय."

"चरायला?"

उत्तर तसं फार चुकीचं नव्हतं. घोडा राणीच्या बागेत होता, गवताच्या शेजारीच. १८७९ मध्ये तो या चौकात बसवला गेला. ब्राँझचा पुतळा खरं म्हणजे घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा. घडवला जोसेफ बोएमने, दिला अल्बर्ट ससूनने. एवढा खर्च करून राजपुत्र उभा केला आणि मुंबईकरांनी नाव ठेवलं घोड्याचं. स्वार कोण, कुठला, कुणाचा मुलगा, याची कुणी चौकशी केल्याचं दिसत नाही. १९६५ मध्ये पुतळा हलवला गेला, तरी बसचे कंडक्टर 'काळा घोडा' ओरडतच राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, आणि या वेळी पाठीवर कुणी नाही. काही लोकांना ते अपुरं वाटलं. मला अगदी बरोबर वाटतं. गावाने ज्याला पहिल्यापासून खिजगणतीत धरलं नव्हतं, त्याला आता रीतसर खाली उतरवलं, इतकंच.

तर पहिला घोडा भायखळ्याला, आणि तिथे तो एकटा नाही. राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते उभं राहावं म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या भाऊ दाजींचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडलं. आतलं संग्रहालय सुंदरच आहे. रंगवलेले लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, मातीच्या बाहुल्यांतून दाखवलेले कारागीर आणि जातीजमाती, जुन्या मुंबईचे नकाशे. लोक ते बघतात आणि निघतात. मी मात्र पाहुण्यांना आधी बाहेरच्या आवारात नेते, कारण शहरातून उठवलेली मोठी माणसं तिथे उभी आहेत. फोर्टातले चौक मोकळे करताना जे पुतळे काढले, त्यांना इथे जागा दिली. ट्रान्झिट कॅम्पात घर मिळालेल्या भाडेकरूंसारखे ते उभे आहेत: सोय तात्पुरती, मुक्काम कायमचा, आणि शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नाही.

त्यात व्हिक्टोरिया राणी आहे. संगमरवरी, मॅथ्यू नोबलने घडवलेली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासलं होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. पुण्यातल्या रँडच्या खुनाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तोवर संगमरवराच्या राणीसमोरून जाताना लोक वर बघत असतील. आता शाळेची मुलं तिच्या पायाशी बसून डबा खातात. कॉर्नवॉलिसची कथा उलटी. तो एल्फिन्स्टन सर्कलला, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलला होता, तेव्हा लोक त्याला हार-फुलं वाहत. साहेबाला बहुधा वाटलं असेल, काय ही राजनिष्ठा! लोकांना वाटलं असेल, चौथऱ्यावर छत्री उभारून बसवलाय म्हणजे देवच असणार. आपल्याकडे चौथरा महत्त्वाचा.

आणि हत्ती. घारापुरीला पोर्तुगीज पोचले, तेव्हा किनाऱ्यावर एक भलाथोरला दगडी हत्ती होता. त्याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. यारीने उचलताना तो खाली पडला आणि फुटला. मग तुकडे मुंबईत आणले, आणि ते जोडून हत्ती पुन्हा उभा व्हायला १९१४ उजाडलं. सांधे नीट बघितले तर दिसतात. आज गेटवेहून लाँचमध्ये बसून तासाभराने माणसं घारापुरीला उतरतात, लेण्यातल्या त्रिमूर्तीसमोर गप्प होतात, माकडांपासून पिशवी वाचवत परत येतात. ज्याच्यामुळे तिकिटावर 'एलिफंटा' छापलंय, तो हत्ती भायखळ्यात आहे, हे लाँचवर कुणीच सांगत नाही. इंग्लंडला निघालेला माल, वाटेत फुटला, म्हणून राहिला.

बाहेरची माणसं याला मुंबईची बेपर्वाई म्हणतात. पुण्याची तर हमखास म्हणतात. मला यात बंदराचं वळण दिसतं. बंदरात वस्तू येते ती जायलाच. विदर्भ-खानदेशचा कापूस यायचा, गोदामात पडायचा, बोटीवर चढायचा. ज्या गावाचं पोट अशा उचल-ठेवीवर भरलं, त्याने पुतळे तेवढे एका जागी चिकटवून ठेवावेत ही अपेक्षा जरा जास्तच आहे. इथे खुद्द मुंबादेवीला जागा बदलावी लागली. तिचं आधीचं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं. देवी भुलेश्वराकडे गेली, आणि पुढे बोरीबंदरला आगगाडीचं देऊळ उभं राहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या त्या स्टेशनाच्या दर्शनी भागावर राणीचा पुतळा होता, तोही कोनाड्यातून गेला. कोनाडा अजून आहे.

एक इमारत तर पेट्यांतून आली. काळा घोड्याच्या जवळच वॉटसन हॉटेल, हल्लीचं एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजावर चढला आणि १८६० च्या दशकात इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा बघितली ती या हॉटेलात. भारतातल्या सिनेमाची सुरुवात जिथे झाली ती इमारत आज इतकी जर्जर आहे की तिच्याखालून चालताना मी नकळत पाय उचलते.

फ्लोरा फाउंटन हा भायखळ्याच्या हिशेबातला दुसरा रकाना. फुलांच्या रोमन देवीचं हे कारंजं खरं तर राणीच्या बागेसाठी होतं. पोर्टलंडचा दगड, नॉर्मन शॉचा आराखडा, सगळं विलायतेचं. पण बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचे तट पाडले गेले, चर्चगेटही गेलं आणि १८६४ मध्ये कारंजं त्या मोकळ्या झालेल्या जागेच्या आसपास बसलं. म्हणजे जे भायखळ्याला जायचं ते फोर्टात उतरलं आणि फोर्टातलं पुढे भायखळ्याला गेलं. बारनिशी लिहिणारा कारकून गोंधळला असावा.

या चौकात एकच गोष्ट अशी आहे जी कुठून आणलेली नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. त्या चळवळीत शंभरावर माणसं गेली. कारंज्याशेजारी मशाल धरलेली शेतकरी-कामगारांची जोडी आहे, ती त्यांच्यासाठी. पाहुणे कारंज्याचा फोटो काढतात, कारण ते पांढरं आणि नक्षीदार आहे. स्मारकापाशी मी त्यांना थांबवते तेव्हा माझा आवाज जरा शाळेतल्या बाईंसारखा होतो, असं घरचे म्हणतात. होऊ दे.

आता गेटवे. त्याशिवाय मुंबईदर्शन पुरं होत नाही आणि त्याच्याबद्दल लोकांना फारसं ठाऊक नसतं. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले, त्यांच्या आगमनाची ही कमान. पण ते आले तेव्हा ती नव्हतीच! त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची उभी केली होती. कोनशिला बसली १९१३ च्या मार्चमध्ये, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. पाहुणे जाऊन तेरा वर्षं झाल्यावर तोरण लागलं. कमानीपर्यंत थेट येणारा रुंद रस्ताही ठरला होता, पण पैसे संपले. म्हणून आजही गेटवे रस्त्याकडे तिरका उभा आहे. टॅक्सीतून येताना तो समोर येत नाही, बाजूने उगवतो. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली. आत येण्यासाठी बांधलेल्या दाराचा सगळ्यात लक्षात राहिलेला उपयोग बाहेर जाण्याचा झाला. २६ जानेवारी १९६१ पासून समोर शिवाजी महाराज घोड्यावर आहेत. हा घोडा हलवायचं धाडस कुणी करणार नाही.

याच जॉर्जने, युवराज असताना, १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसवली होती. विटेटचीच इमारत. ती १९१४ मध्ये पुरी झाली, तर युद्ध सुरू झालं आणि आत लष्करी इस्पितळ आलं. वस्तू मांडून दारं उघडली १९२२ मध्ये. आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. तिथे माझी ठरलेली जागा म्हणजे ॲसिरियन राजवाड्यातल्या कोरीव शिळा. लेअर्डने इराकमध्ये खणून काढलेला माल बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायचा. म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षं जुने दाढीवाले शिपाई आमच्या धक्क्यावर ट्रान्झिटमध्ये पडून राहायचे. त्या शिळांसमोर उभं राहिलं की संग्रहालय आणि वखार यांतला फरक फार बारीक वाटायला लागतो. वखारीत काच नसते.

सगळा माल पुढे जातोच असंही नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, असा कुणालाही घाम फुटावा असा शेजार. दोन स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली, विझवायला धावलेले बंबवाले गेले. सोन्याच्या विटा दूरवर लोकांच्या छपरांतून घरात पडल्या. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो यासाठी. पाहुण्यांना हे सांगितलं की ते लगेच विचारतात, "मग ती जागा बघू या की!" बघता येत नाही. गोदीच्या फाटकात पास लागतो. मुंबईतलं सगळं दाखवता येतं, फक्त मुंबई ज्याच्यामुळे झाली ते बंदर भिंतीपलीकडे राहतं. ही गोष्ट मला खटकते. दर दोन चौकांमागे पुतळ्यांचे मोकळे चौथरे राखणाऱ्या शहराने एखादी जुनी गोदी लोकांसाठी उघडायला काय हरकत आहे?

तोवर ससून डॉक आहे. १८७५ चा, कुलाब्याला, अजून कामात असलेला. तिथे काही बघायला म्हणून ठेवलेलं नाही. बोटी लागतात, टोपल्या उतरतात, कोळणी लिलावात असा भाव पुकारतात की नवख्याला वाटावं भांडण जुंपलंय. मधे उभं राहिलात तर "ए बाजू हो!" ऐकून घ्यावं लागतं, त्यात अपमान नाही. कोलंबी सोलणाऱ्या बायका मान वर न करता तुमच्याशी बोलतात. जायचं तर पहाटे पाचच्या आसपास, जुन्या चपला घालून. उन्हं वर आल्यावर गेलात तर मासळी गेलेली असते, फक्त वास मिळतो.