चालींची वही : समेवरून मोजलं, तेव्हा जोड्या जुळल्या

मंडळी, तोंडओळीच्या अकारविल्ह्याने लावलेली वही अखेर मोडीत काढली. जोगवा, गोंधळ, भलरी, पोवाडा, सगळीकडे तेच: शब्द नवे, चाल जुनीच. एकच चाल तीन पानांवर तीन नावांनी बसलेली असते आणि आपण तीनदा शिकत बसतो.

स्वरलिपीवरून लावावी तर पहिला खोडा ‘सा’चा. तुणतुण्याची तार सा धरली की एक लिपी, ओळ जिथे टेकते तो स्वर सा धरला की दुसरी. चौंडक्याच्या (जोगव्याच्या साथीचं तारवाद्य) तर नादीच लागू नका. ताण बदलला की स्वर सरकला. त्यात गंधार (ग) कोमल की शुद्ध यावर दोन कानांचं एकमत होत नाही, कारण बऱ्याचदा तो मधलाच लागलेला असतो.

म्हणून पार्सन्स कोड. स्वराचं नाव लिहायचंच नाही. आधीच्या स्वराहून वर गेला तर ‘व’, खाली आला तर ‘ख’, तोच राहिला तर ‘त’. सा सा रे ग ग रे सा सा याचं होतं तववतखखत. हीच ओळ म म प ध ध प म म अशी लिहिली तरी कोड तोच. ‘सा’चं भांडण मिटलं.

पण जोड्या काही जुळेनात! हीच चाल कुणी समेआधी (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) ‘नी सा’ घेऊन उचलली, की पहिली सात अक्षरं होतात वततववतख. एक नोंद ‘त’खाली, दुसरी ‘व’खाली. मुरक्या मोजल्या तर आणखी वाट लागते, कारण प्रत्येकाची हरकत निराळी.

उपाय साधाच निघाला. शब्द कुठे सुरू होतो ते बघायचं नाही, सम धरायची. धुमाळी तालाच्या आठ मात्रांत मात्रेला एकच स्वर, मात्रेवर पडलेला तेवढाच. मधली कलाकुसर सोडून द्यायची. एका आवर्तनाची, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याची, सात अक्षरं होतात. ती कमी पडतात, भलत्याच चाली एकत्र येतात. दोन आवर्तनं घ्या, पंधरा अक्षरं. तुणतुण्यावर सम शोधू नका, ते सतत एकसारखंच वाजत राहतं. डफाची, हलगीची किंवा संबळाची थाप ऐका. ध्रुपदाचा (पालुपदाचा) कोड पहिल्या फेरीचा घेऊ नका. झीलकरी (मागे साथ धरणारे गायक) धरतात त्या फेरीत चाल सरळ येते.

ऐकताना ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ने वेग सत्तर टक्क्यांवर आणा. ‘चेंज स्पीड अँड पिच’ने पट्टीही (गाण्याचा आधार ‘सा’) उतरते आणि मग वहीत काळी चारची पांढरी दोन होऊन बसते. (पट्टी कोडात नसली तरी समासात लिहाच, गाताना लागते.) महागड्या माइकची गरज नाही. मोबाइल हलगीपासून सात-आठ फूट लांब, गाणाऱ्याच्या बाजूला ठेवला की पुरे. जवळ ठेवला तर प्रत्येक थापेला फोन आपणहून आवाज दाबतो आणि नेमका समेवरचा स्वर बुडतो. फायबरची हलगी कानाला कोरडी लागते, पण कोल्हापूरच्या पावसात कातडं सैल पडतं तेव्हा तीच बरी.

जात्यावरच्या ओव्याही याच कोडात बसवायचा बेत होता. लिहिता लिहिताच तो रद्द करतोय. तिथे थापच नाही, तर सम कुठली? जात्याचा फेरा मोजावा म्हटलं तर आज ओव्या बहुधा जात्याशिवायच म्हणून दाखवतात. त्यापेक्षा ओव्यांना वेगळी वही आणि प्रत्येक ओळ जिथे टेकते तेवढाच स्वर: पहिली ओळ वर टेकते की खाली, दुसरी कुठे. धनगरी ओव्यांचं काय? तिथे ढोल आहे, म्हणजे सम आहे, पण कथनाचा भाग मोकळा सुटतो. तूर्त ढोल चालू असतानाच्या ओळींचाच कोड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत ध्वनिमुद्रण करणार असाल तर ढोल कुठे थांबतो त्या मिनिटाची नोंद तेवढी ठेवा.